उभ्या गाडीचं ऑइल

आमच्या गाडीची चारही चाकं ओढतात. गाडी घेतली त्या आठवड्यात आमच्या ह्यांनी ही गोष्ट शिरूर कासारमधल्या दिसेल त्या माणसाला सांगितली आणि बहुतेकांनी एकच विचारलं, "कशाला?" प्रश्न रास्त होता. आमच्याकडे चिखल होण्याइतका पाऊस पडला तर लोक गाडी काढत नाहीत, पेढे वाटतात. पण एका वर्षी शेताकडे जाताना ह्यांची जुनी गाडी काळ्या रानात रुतली होती आणि शेजाऱ्याच्या बैलजोडीनं ती ओढून काढली होती. बैलांमागून गाडीत बसून यावं लागलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते ही गाडी घेण्याचं.

त्यानंतर एकदा खरंच चिखल झाला. तेव्हा गाडी घाण होईल म्हणून हे शेतात चालत गेले.

हे मोजणी खात्यात होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या बांधांवर साखळी टाकण्यात गेला, त्यामुळे मोजल्याशिवाय कुठलीच गोष्ट त्यांना खरी वाटत नाही. लेकीसाठी स्थळ बघायला गेलो तर ह्यांनी मुलाच्या आधी घराच्या चतुःसीमा विचारल्या. अशा माणसाची गाडी किती फिरणार? बाजार, बँक आणि कधीतरी शेताचा बांध. बाकीचा वेळ ती पत्र्याच्या शेडमध्ये चादर पांघरून उभी. इतकी वर्षं झाली तरी मीटर दहा हजारालाही टेकलं नव्हतं, आणि हे ते आकडे पाहुण्यांना मुलाच्या मार्कांसारखे सांगायचे.

सासूबाईंना ऐंशी उलटलेली. त्यांना आता एकच माहेरचं माणूस उरलंय, तलवाड्याच्या थोरल्या बहीण. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून एस्टीची पायरी त्यांना चढवत नाही आणि मावशींना घरातून अंगणात यायचं तरी कुणाचा तरी हात धरावा लागतो. दोघींचं बोलणं फोनवर, मावशींच्या सुनेच्या. दिवाळीनंतर एकदा मावशींनी फोनवर सांगितलं की डोळ्यांत काचबिंदू निघालाय. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेली पण जाणार, असं डॉक्टर म्हणाले.

"मला दिसतंय तवर ये," मावशी म्हणाल्या. "मंग आलीस तर नुसता तुझा आवाज यील. त्यो काय, फोनवर बी येतोय."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे लगेच म्हणाले, "नेतो की." ते खोटं बोलत नव्हते. फक्त एवढ्या लांबच्या प्रवासाआधी गाडीची सर्व्हिसिंग करणं गरजेचं होतं, आणि सर्व्हिसिंगमध्ये काय काय बदलायचं ते ठरायचं होतं.

जिल्ह्याच्या गावी कंपनीच्या लोकांनी ह्यांना सांगितलं, सगळंच बदला. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, आणि चारही चाकं ओढतात म्हणून मागच्या चाकांच्या मधल्या पेटीतलं ऑइल ते वेगळं. हे अपमान झाल्यासारखे घरी आले. "गाडी चाललीच नाही तर ऑइल झिजेल कसं?" मग गाडीचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलेलं, अमुक किलोमीटर किंवा अमुक वर्षं, यांपैकी जे आधी होईल ते. त्या शेवटच्या चार शब्दांवर हे अडले. एका बांधावर दोघांनी हक्क सांगितला की ते असेच अडायचे.

रोज दुपारी हे एका मित्राच्या बी-बियाण्याच्या दुकानात जाऊन बसतात. तिथे सगळे निवृत्त. विषय तिथे गेला. एक म्हणाले, ऑइल लोणच्यासारखं असतं, मुरतं. दुसरे म्हणाले, छे, तेलासारखं असतं, खवट होतं. तिसऱ्यांनी जन्मात सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं, पण मागची पेटी उघडलीच पाहिजे यावर ते ठाम होते. संक्रांत झाली. शिमगा झाला. मागच्या पेटीचा निकाल लागेना.

"अहो, सगळंच बदला आणि चला," मी म्हणाले.

"गरज नसताना?"

"मग काहीच बदलू नका आणि चला."

"आणि आई बसलेली असताना वाटेत काही झालं तर?"

भाड्याची जीप करा म्हटलं, तर दारात चार चाकं ओढणारी गाडी असताना लोक काय म्हणतील, असं म्हणाले. लोक काय म्हणतील ते मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तलवाड्यात तर आमचं ऑइल गाजलं. मावशी फोनवर तब्येत विचारायच्या आधी विचारायच्या, "बदललं का गं?" एकदा म्हणाल्या, "आमच्या म्हशीला रेडकू झालं, त्ये चरायला बी लागलं. तुमचं ऑइल अजून बदलंना." सासूबाई हसल्या. फोन ठेवल्यावर बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

मग ऊन तापलं. दुपारी वीज जायला लागली. आमचं घर दुपारी भट्टी होतं आणि सासूबाईंना धाप लागते. एका दुपारी त्यांचा जीव इतका घाबरा झाला की मी किल्ली घेतली, चादर ओढून काढली, त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी चालू करून एसी लावला. शेड तिन्ही बाजूंनी मोकळं आहे, धुराची भीती नव्हती. थोड्या वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर त्याच म्हणाल्या, "चल, बसू."

ह्यांना सांगायचं नाही, असं काही आमचं ठरलं नव्हतं. आम्ही फक्त सांगितलं नाही.

रोजचंच झालं. हे दुकानात गेले की सासूबाई धुतलेलं लुगडं नेसायच्या, मांडीवर पिशवी घ्यायच्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या. मी स्टिअरिंगसमोर बसून लसूण सोलायची. एकदा त्यांनी विचारलं, "आता कुठवर आलो?"

"शेडमधी," मी म्हणाले.

पण त्यांचं तोंड इतकं बारीक झालं की दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "निम्म्यात." त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तलवाड्याच्या वाटेवरच्या गेवराईला पोचलो. सासूबाई म्हणाल्या, "बास. आता फिरव माघारी." रोज गेवराईपर्यंत जायचं आणि फिरायचं. का, ते मी विचारलं नाही.

डिझेल कमी होतंय हे ह्यांच्या अर्थात लक्षात आलं. उन्हानं उडत असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पंपावर विचारलं, दुकानात चर्चा झाली, आणि शेवटी टाकीच्या बाजूला ऊन येऊ नये म्हणून त्यांनी गाडी उलटी लावली. त्यामुळे आम्हाला भिंतीऐवजी रस्ता दिसायला लागला. सासूबाईंना ते फार आवडलं.

शेवटी ह्यांनी आणखी एक मत घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे एक मेकॅनिक आहेत. बापजाद्यांपासून गॅरेज. स्वभाव असा की गाडी बघायच्या आधी निदान तयार असतं, आणि ते अख्ख्या रस्त्याला ऐकू जातं. सकाळी गाडी त्यांच्याकडे न्यायला काढली तर सासूबाई लुगडं नेसून, पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसलेल्या. "गाडी हालतीय तर मी उतरनार न्हाई," म्हणाल्या. मग मलाही जावं लागलं.

"किती चाललीय?" मेकॅनिकनं विचारलं. ह्यांनी आकडा सांगितला. "मंग कायबी बदलू नका साहेब. अजून दूध पीती गाडी."

हे इतके खूश झाले की त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. तेवढ्यात मेकॅनिकनं बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली, फडक्याला पुसली, परत घालून परत काढली. मग वास घेतला. मग खिडकीतून वाकून मीटर बघितलं. मग ह्यांच्याकडे बघितलं.

"साहेब, मीटर कोनी मागं फिरवलं?"

उभ्या आयुष्यात ह्यांना कुणी हद्दीचा दगड सरकवला असं म्हणालं नव्हतं. लोकांनी पैसे देऊ केले, शिव्या दिल्या, एकदा कुत्रं सोडलं, पण मोजणी खोटी, असं कुणी म्हणालं नाही.

"काजळी बघा. उसाच्या ट्रॅक्टरचं ऑइल असं निघतं," मेकॅनिक म्हणाले. "तुमी न्हाई तर घरचं कोनीतरी गुपचूप लई पळवतंय गाडी." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लिंबाच्या झाडाकडे बघितलं.

खिडकीची काच खाली आली.

"मीटरला कावून बोल लावता?" सासूबाई म्हणाल्या. "मीटर खरं हाय. गाडी हालली न्हाई, इंजन तेवढं चाललं. रोज दुपारी मी हितं बसून तलवाड्याला जाते." मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "तू न्हेत न्हाईस, म्हनून जाते. गेवराईपतूर जाते न् माघारी येते. तिथून पुढची वाट मला ध्यानात न्हाई ऱ्हायली."

मेकॅनिकनं पट्टी परत जागेवर घातली. हे बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

"म्हणजे डिझेल उडत नव्हतं," हे म्हणाले.

पुढचं सगळं चहा येईपर्यंत ठरलं. उभ्या गाडीचं चालणं मीटरला कळत नाही, तेव्हा इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर ताबडतोब. कूलंटची पातळी बरोबर, रंग बरोबर, पुस्तकातली वर्षंही भरली नव्हती, ते तसंच. मागच्या पेटीचं बूच मेकॅनिकनं खोललं, बोट घालून दाखवलं. ऑइल मधासारखं स्वच्छ. "पान्यातून गेली न्हाई, चिखलात वढलं न्हाई, ह्याला काय व्हतंय?" बूच परत लागलं. गिअरबॉक्सचंही तेच. सायकलवाल्या मित्राचा पक्ष तिथे पडला.

ब्रेक ऑइलवर मात्र दोघांची जुंपली. मेकॅनिक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ब्रेक मस्त लागतोय." हे म्हणाले, ते ऑइल हवेतला ओलावा पितं, ते किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदलायचं, आणि वर्षं होऊन गेलीत. मेकॅनिक म्हणाले, बीडच्या हवेत ओलावा कुठला? हे म्हणाले, "आई बसणार आहे." मग मेकॅनिकनं मुकाट्यानं पाना घेतला.

काम झाल्यावर हे आता उद्या म्हणतील, अशी मला धास्ती होती. उद्या म्हणाले असते तर मी किल्ली हिसकून घेतली असती, आणि मला फक्त उभी गाडी चालवता येते. पण ते स्टिअरिंगवर बसले आणि म्हणाले, "इथूनच जाऊ." घराचं मागचं दार उघडं होतं. मी ते सांगितलं नाही.

वाटेत सासूबाईंनी सवयीनं विचारलं, "आता कुठवर आलो?" ह्यांनी प्रत्येक वेळी गावाचं नाव सांगितलं, पुढे किती राहिलं तेही. गेवराई मागे पडल्यावर मात्र त्यांनी काहीच विचारलं नाही. काचेला नाक लावून बसल्या आणि येईल ते प्रत्येक झाड, प्रत्येक घर बघत राहिल्या.

तलवाड्यातही वीज गेलेली. मावशी सुनेचा हात धरून दारात आल्या. सासूबाईंचे गुडघे बसून बसून असे आखडले होते की त्यांना उतरताच येईना. त्यांनी आतूनच हाक मारली. "आक्का, तूच ये आत. हितं गार हाय."

आत बहिणीशेजारी एकच सीट होती, ह्यांची. मावशींना दोघांनी धरून स्टिअरिंगसमोर बसवलं. हे हँडब्रेक ओढलाय ना ते दोनदा बघून आले. मग दारं लावली.

आम्ही बाहेर उन्हात उभे राहिलो. काचेतून दिसत होतं. मावशींना आता नळीतून बघावं एवढंच दिसायचं, त्यामुळे बहिणीचा चेहरा त्यांच्या नजरेत एकदम मावेना. त्या मान हलवून हलवून बघत होत्या. आधी कपाळ, मग एक डोळा, मग नाक, मग हनुवटी. परत कपाळ. सासूबाई जराही न हलता बसल्या होत्या, लहान मुलीला वेणी घालताना बसवतात तशा. मला रडू आलं आणि मी डोळे पुसले नाहीत.

सुनेनं पाणी आणलं. आमचं पाणी पिऊन झालं, तरी आत मावशींची मान हलतच होती. इंजिन चालू होतं. हे त्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. मला त्यांची दया आली.

"अहो," मी म्हणाले, "बंद करायची का? काचा खाली करू."

ह्यांनी गाडीखाली टपकणारं एसीचं पाणी बघितलं, मग काचेतून आत बघितलं.

"राहू दे चालू," ते म्हणाले. "ऑइल नवीनच आहे."