जिनिंगमधले करंटवाले

बीटी कापूस नवा नवा आला होता, तेव्हा मी खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत मेंटेनन्सचा सुपरवायझर होतो. सीझनमध्ये रुईचा धुरळा सगळीकडे बसायचा. भुवयांवर, ट्यूबलाइटवर, चहातसुद्धा! किस्सेही तसेच जमत गेले. कितीही झटका, जात नाहीत.

माझ्या हाताखाली दोघं. वायरमन गजानन, तोंडाचा फटकळ. आणि फिटर रशीदभाई, वयानं मोठे, शांत. वर आमचे शेठ. माणूस मनाचा चांगला, पण सीझनमध्ये मशीन बंद दिसलं की त्यांचं बीपी वाढायचं.

* * *

एकदा नागपूरहून सेफ्टीचे ट्रेनर आले. आम्हा सगळ्यांना शेडमध्ये बसवून त्यांनी विचारलं, "वायरला हात लावण्याआधी सर्वांत पहिले काय बघायचं?"

सप्लाय बंद आहे का, एवढंच सांगायचं होतं. गजाननने हात वर केला.

"शेठ बघून राह्यले का, ते!"

शेठ मागच्याच खुर्चीवर होते.

* * *

त्या ट्रेनिंगनंतर करंटच्या कामासाठी रबरी ग्लोव्हज आले. आठवड्यातच गायब! शोधता शोधता कॅन्टीनमध्ये सापडले. स्वयंपाकवाल्या शोभाताई ते घालून मिरच्यांचा ठेचा कुटत होत्या.

"अहो ताई, हे करंटचे ग्लोव्हज आहेत!"

"मंग? माह्या मिरचीत का कमी करंट आहे?"

गजाननने ते घेतले, पँटला पुसले, हातात चढवले आणि पॅनलकडे निघाला. वाटेत त्यानं डोळ्यांवर आलेला घाम पुसला. दुसऱ्या क्षणी अशी बोंब ठोकली, की मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. अख्खी फॅक्टरी बंद.

"कुठं लागला रे शॉक?"

"डोयात!"

ग्लोव्हज त्याच दिवशी बाद केले.

* * *

उंदरांनी मात्र आमचा जीव खाल्ला होता. आज इथली केबल कुरतडली, उद्या तिथली. एका सकाळी मी आणि गजानन उघडी पडलेली वायर बदलत होतो. जानेफळकडचे एक काका कापूस घेऊन आले होते, ते जवळ येऊन उभे राहिले.

"काय झालं हो?"

"उंदरानं वायर खाल्ली, काका."

"मंग बीटीची वायर लावा न! बीटीले अळी खात नाही म्हन्तात, उंदीर तरी कसा खाईन?"

आम्ही खदाखदा हसलो. काकाही हसले. मग आपल्या ट्रॅक्टरकडे बघत म्हणाले, "अळी तं नाहीच खात, बाप्पा. भाव कोन खाते, तेवढं मातर कोनीच सांगत नाही."

* * *

कोणी मशीनवर काम करत असेल तर स्विचवर पाटी लावायची, 'सावधान! माणूस काम करत आहे'. एक दिवस ही पाटीही जागेवर नाही! मी सगळी शेड पालथी घातली. पाटी निघाली वजनकाट्याच्या खिडकीवर. आत काट्याचे बाबू टेबलावर डोकं टेकून घोरत होते.

बाहेर लाइनीतला एक जण दुसऱ्याला हळूच सांगत होता, "बोलू नको बे. मानूस काम करून राह्यला!"

* * *

रमजानचे दिवस होते, त्यात कापसाची आवक जोरात. रुईची गाठ बांधणारी प्रेस बिघडली. या प्रेसची पेटी म्हणजे माणूस उभा राहील एवढी. बटन दाबलं की वरून लोखंडी रॅम, म्हणजे दाबायचा ठोकळा, खाली येतो. रशीदभाईंनी स्विच पाडला, त्याला आपलं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि कामाला लागले. ज्याचं कुलूप, त्यानंच उघडायचं, असा नियम.

दुपारी बघतो तर प्रेस जोडलेली, पेटीचं दार लोटलेलं, कुलूप तसंच. रशीदभाईंचा पत्ता नाही. हाका मारल्या, पण बाकीच्या मशीनच्या आवाजात ऐकू कोणाला जाणार?

शेठ आले. "काम तं झालं न? जुम्मा आहे, नमाजले गेला असंन तो. तोडा कुलूप!"

गजानन स्विचसमोर आडवा उभा राहिला. "नाही तोडनार, शेठ. मानूस दिसल्याबिगर नाही."

"बाहेर गाड्यायची लाइन लागली! तुले काऊन समजत नाही बे?"

मी मशिदीत माणूस पाठवला. रशीदभाई तिथं नाहीत. घरीही नाहीत. शेठनी स्वतःच हातोडा उचलला. तेव्हा माझी नजर त्या लोटलेल्या दारावर गेली. मी धावत जाऊन पेटीचं दार ओढलं.

आत रुईच्या ढिगावर, रोजा धरलेले रशीदभाई गाढ झोपले होते.

शेठचा चेहरा पांढरा पडला. उजेड पडला तसे रशीदभाईंनी डोळे उघडले. समोर हातोडा धरून उभे शेठ! रशीदभाई घाईघाईनं उठून बसले.

"शेठजी, ठोकायचं काम तुमी काऊन करून राह्यले? मले आवाज द्यायचा न!"