काकांनी काढलेले सेल

आमच्या काकांचं बूड एका जागी कधी टेकलं नाही. त्यांचं दुकान गेमचे कंट्रोलर दुरुस्त करायचं. तिथे येणारे निम्मे कंट्रोलर आत विसरलेल्या सेलनी पाणी सोडल्यामुळे खराब झालेले असत. त्याची काकांनी इतकी धास्ती घेतली होती की सकाळी निघताना ते घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंचे सेल काढून ठेवत. टीव्हीचा रिमोट, विजेरी, काकूचा कंट्रोलर, काही म्हणून सुटत नसे.

काकूचा कंट्रोलर मात्र करमणुकीसाठी नव्हता. पक्षाघाताने तिचा उजवा हात लुळा पडला होता आणि दिवसभर बोटं हलली पाहिजेत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मोटारींच्या शर्यती खेळून अंगठा जरा कुठे जोर धरू लागला होता. पण दुपारी ती एकटी असताना कंट्रोलर रिकामा, आणि एका हाताने झाकण उघडून सेल घालणं काही तिला जमेना.

"आत बॅटरी असलेला आण गं मला," ती म्हणाली. "नुसती वायर लावली की झालं. यांच्या तोंडाकडे बघत बसायला नको."

मी आणला. काका भडकलेच. "दोन-तीन वर्षांत बॅटरी बसली की अख्खा फेकायचा! सेल बरे, संपले की दुसरे घाला."

खोटं नव्हतं ते. पण काकूला आज खेळायचं होतं आणि हे पुढचं रडगाणं गात होते. मला रागच आला. शेवटी "तपासून तरी देतो," म्हणत काकांनी तो दुकानात नेला, आणि दुसऱ्या दिवशी "पूर्ण चार्ज आहे," एवढंच बोलून काकूच्या मांडीवर ठेवून निघून गेले.

दुपारी काकूचा फोन आला. "अंगठा गेला गं माझा. मघापासून दाबतेय, चालूच होत नाही."

मी धावत गेले. अंगठा दाबून दाबून लाल झाला होता. कंट्रोलर मलाही दाद देईना. तसं सांगितलं, तर तिला वाटलं मी समजूत घालतेय. ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी काकांना बोलावून घेतलं.

काकांनी आल्या आल्या तो उघडला आणि मटकन खाली बसले. बॅटरीची पिन सुटी होती. दुकानात उघडलेला प्रत्येक कंट्रोलर ते पिन काढूनच फळीवर ठेवत. हाही सवयीने तसाच बंद केला होता.

"तुझा अंगठा ठणठणीत आहे गं," ते म्हणाले. "माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

पिन बसवून, स्क्रू आवळून त्यांनी कंट्रोलर पुढे केला. काकू हात लावेना. काका उठले, बसले, पुन्हा उठले. मग तिने डोळे मिटून अंगठा टेकवला आणि दाबला.

दिवा लागला. काकू हमसून हमसून रडायला लागली.

काकांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात कोंबला. "हा तुझ्या घरी ने," ते म्हणाले. "इथे राहिला तर मी परत उघडेन."