वड्याखालचा शोधनिबंध

जर्नल क्लबमध्ये भावी डॉक्टरांनी एखादा नवा शोधनिबंध एकत्र वाचायचा आणि त्याची चिरफाड करायची, अशी अपेक्षा असते. त्या दुपारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या सभागृहात प्रत्येकाच्या हातात शोधनिबंधाची छापील प्रत होती आणि प्रतीवर बटाटेवडा.

निवासी डॉक्टरने पडद्यावरचा फक्त निष्कर्ष वाचून दाखवला. औषध गुणकारी आहे. टाळ्या वाजल्या.

माझ्या शेजारच्या विद्यार्थिनीने वडा बाकावर ठेवला आणि तेलाने पारदर्शक झालेला परिच्छेद वाचला.

"सर, मूत्रपिंडाचे रुग्ण या अभ्यासातून वगळलेत. आपल्या वॉर्डातल्या आजोबांच्या किडन्या खराब आहेत, आणि त्यांना हेच औषध चालू आहे."

विभागप्रमुखांनी बोटे चाटली. "अगं बाई, परीक्षेत इतकं खोलातलं कुणी विचारत नाही. वडा खा, गार होतोय."

सगळे हसले. निवासी डॉक्टर सर्वात मोठ्याने हसला.

किळस तेलाची आली नाही. प्रश्न विचारायला शिकावे म्हणून राखलेल्या तासातच प्रश्न विचारणाऱ्यावर हसायला शिकवले जात होते, याची आली. हे हसू वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जाते, आणि ज्याच्या अंगावर ते शेवटी येते, तो माणूस त्या खोलीत कधीच नसतो.

प्रती चुरगाळून टोपलीत गेल्या. विद्यार्थिनीने मात्र आपल्या प्रतीची घडी करून ती एप्रनच्या खिशात ठेवली.

जाताना मी वॉर्डात डोकावलो. आजोबा दुपारची गोळी पाण्याबरोबर गिळत होते.