पोट भरल्याचा निरोप

चंद्रपूरच्या कॉलेजात एम.एस्सी. करताना माझ्याकडे सहा लठ्ठ उंदीर सोपवले होते. पोटाखाली पाय दिसू नयेत इतके लठ्ठ. एक हार्मोन त्यांच्या अंगात जन्मापासूनच तयार होत नव्हतं. मॅडमनी समजावलं होतं, ‘‘हे हार्मोन चरबीतूनच निघतं आणि मेंदूला सांगतं, साठा पुरेसा आहे, आता थांब. यांच्या मेंदूला हा निरोप कधी मिळालाच नाही. मेंदूच्या लेखी हे उपाशीच.’’

मी ते परीक्षेपुरतं लिहून घेतलं.

तिघांना त्या हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं, तिघांना तुलनेसाठी नुसत्या मिठाच्या पाण्याचं. चार-पाच दिवसांनी सकाळी एका पिंजऱ्यात खाद्य उरलेलं दिसलं. मी घाबरून मॅडमकडे पळाले. ‘‘उंदीर आजारी पडला वाटते, मॅडम. खाऊनच नाई राह्यला!’’

मॅडम वाकून बघत राहिल्या. ‘‘आजारी नाही गं. त्याचं पोट भरलंय.’’

खाद्याकडे पाठ करून तो शांतपणे मिशा पुसत होता. मला माझी मोठी बहीण आठवली. ती पोंभुर्ण्याला असते, अंगाने जाड; तिला आम्ही बाई म्हणतो. लग्नाच्या पंगतीत लोक म्हणायचे, ‘‘हिले पाहून वाढा रे!’’ त्या हसण्यात मीही असायची.

रविवारी तिच्या घरी जाऊन मी बाईला सगळं सांगितलं. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला.

‘‘मंग मले बी देतेत का थे सुई?’’

खोटं बोलवेना. ‘‘नाई, बाई. बहुतेक जाड माणसांत हे हार्मोन भरपूर असते, पण मेंदू त्याचं ऐकत नाई. तुले त्या सुईनं फरक पडेल असं नाई.’’

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मग हळूच म्हणाली, ‘‘म्हंजे मी हावरट नाई?’’

‘‘नाई.’’ मला तिची माफी मागायची होती. पण मी तिच्या सुपातले खडे वेचत बसले.

महिन्याभराने मॅडमची परवानगी काढून तिला उंदीर दाखवायला नेलं. ज्याला कूस बदलताना धाप लागायची, तो पिंजऱ्याच्या जाळीवर सरसर चढत होता. बाईने तोंडावरचा मास्क सारखा केला आणि डोळे मोठे करून विचारलं, ‘‘येवढ्याश्या थेंबानं?’’

मी मान हलवली. मलाही ते अजून खरं वाटत नव्हतं.