अण्णांचा अपूर्णविराम

आकडा पुन्हा एकवर आलेला दिसला की अण्णांचा चेहरा पडायचा. इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात कामाच्या सूचनांची विकी पानं ते सांभाळायचे. आमच्यापैकी कुणीतरी पायऱ्यांच्या मध्येच एन्टर मारून एखादा परिच्छेद नाहीतर सूचनेची चौकट टाकायचं आणि तिथे यादी तुटायची. तीननंतर चार यायच्या ऐवजी पुन्हा एक. आम्हा सगळ्यांना ते चालायचं, अण्णांना मात्र घास घशाखाली उतरायचा नाही.

"अगं, मध्ये बोलायचं तर बोल की. पण पायरीच्या आत राहून बोल," असं म्हणत ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. ओळीच्या सुरुवातीला नुसता हॅश दिला की नवा आकडा येतो. हॅशला लागून दोन टिंबं दिली की मजकूर त्याच आकड्याखाली आत सरकतो आणि पुढचा आकडा शाबूत राहतो. मी त्या टिंबांना कोलन म्हटलं की म्हणायचे, "अपूर्णविराम म्हण. पुण्याहून आलीस, आणि तुला मराठी मी शिकवू काय?" चौकट रंगवायची तर ती एकाच ओळीत उघडायची आणि मिटायची, हाही त्यांचाच धडा.

स्वतःच्या मराठीत मात्र 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'सरी' म्हणजे नीट, असे कानडी शब्द पोटभर. घराणं कैक पिढ्यांपूर्वी इथे कानडी मुलुखात आलेलं, त्याला ते तरी काय करणार. "स्वल्प थांब, सरी करतो," म्हणून कीबोर्ड ओढून घ्यायचे आणि तुटलेली यादी सांधून द्यायचे. एका आकड्यासाठी एवढा जीव आटवणारा माणूस जरा सटकलेला असावा, असं माझं प्रामाणिक मत होतं.

मग एका रविवारी त्यांनी येलहंक्याला घरी जेवायला बोलावलं. जेवणानंतरची सुस्त दुपार होती. दूर कुठेतरी विमानाची घरघर उठून विरून गेली, पडद्यातून गाळून आलेलं ऊन फरशीवर पसरलं होतं आणि त्या उन्हात अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, काहीतरी गुणगुणत चहा करत होत्या. ओट्यावर एक टॅब उभा केलेला. अक्का त्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत, तेवढं करत आणि बोट खाली नेत.

अण्णांनी त्यांच्यासाठी केलेलं ते विकी पान होतं. एक, दोन कप पाणी ठेवा. दोन, साखर आणि चहा घाला. त्याखाली पिवळी चौकट: पातेल्याजवळच थांबा. तीन, दूध. चार, गॅस बंद. पाच, गाळा आणि एक कप अण्णांना द्या. सहा, आपला कप घेऊन खिडकीत बसा.

"हिला विसर पडतो," अण्णा हळूच म्हणाले. "पहिल्यांदा केलं तेव्हा चौकटीपाशी यादी तुटली. दुधाच्या ओळीला पुन्हा एकचा आकडा आला. ही एक बघून परत पाणी ओतायला गेली. पातेलं वाहिलं, आणि ही रडत बसली. मला चहासुद्धा येईना म्हणाली."

अक्का कप घेऊन आल्या. "कुणाला विचारलं नाही हं. माझी मीच केला," म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून मला त्या एका आकड्याची किंमत कळली. सोमवारी मी ऑफिसातली माझी सगळी पानं मुकाट्याने दुरुस्त केली.

यंदा संक्रांतीनंतर अण्णा झोपेतच गेले. त्यांची मुलगी सुमा आईपाशी राहायला आली. महिन्याभराने तिचा फोन आला. "आई रोज अण्णांचा कप भरते आणि हाका मारत घरभर फिरते. मला बघवत नाही गं. ती ओळ काढून टाकशील?"

मी गेले. तशीच दुपार, तसंच ऊन. पाचवी ओळ निवडली, पण पुसवेना. त्या घरातून अण्णांना मी कोण काढणार? ओळ राहू दिली आणि तिच्याखाली हॅश, अपूर्णविराम देऊन एकाच ओळीत एक पिवळी चौकट केली. सहाचा आकडा सहाच राहिला ना, हे दोनदा पाहिलं.

अक्कांनी चहा टाकला. बोट एकेक ओळ उतरत पाचवर आलं. त्यांनी गाळला, कप भरला, "अहो" अशी हाक मारली आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. मग बोट पुन्हा टॅबवर गेलं आणि त्यांनी चौकटीतली ओळ मोठ्याने वाचली, "अण्णा घरात नसतील तर आलेल्या माणसाला द्या."

त्या वळल्या आणि तो कप माझ्या हातात दिला.

"हे बाहेर गेलेत वाटतं. तू घे, गार होईल," म्हणाल्या आणि आपला कप घेऊन खिडकीत जाऊन बसल्या.