कोरी कॅसेट आणि गायब होणारा माणूस

"माणूस गायब होत नाहीये," बोरसे सर म्हणाले.

मॉनिटरसमोर आम्ही तिघं बसलो होतो. सर, आमचा एडिटर प्रमोद आणि मी. पडद्यावर एक जादूगार होता आणि त्याच्या शेजारी स्टुलावर फेटा बांधलेला एक तरुण. जादूगारानं चादर झटकली. तरुण हळूहळू, साखर पाण्यात विरघळावी तसा दिसेनासा झाला.

"झाला की गायब," प्रमोद म्हणाला.

"हा विरघळला. माझे वडील असे विरघळणारे नव्हते. फटकन जायचे."

नाशिकच्या त्या व्हिडिओ लॅबमध्ये टेलिसिनेचं काम माझ्याकडे होतं. नाव भारी आहे, काम साधं. प्रोजेक्टरवर फिल्म चालवायची, समोर कॅमेरा लावायचा आणि चित्र कॅसेटवर उतरवून घ्यायचं. बोरसे सर त्र्यंबकेश्वरला चित्रकला शिकवून रिटायर झालेले. त्यांचे वडील तरुणपणी एका मूकपटवाल्याकडे कामाला होते. करामतींच्या छोट्या छोट्या फिल्म बनवायचे ते लोक. त्या फिल्म्सची व्हीसीडी काढायला मुंबईची एक कंपनी तयार झाली होती. सरांचा जीव मात्र या एकाच फिल्ममध्ये होता. वडिलांचं हलतं चित्र जगात तेवढंच.

आता करामत कशी होती ते सांगते. कॅमेरा मध्येच थांबवायचा. जादूगारानं पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि स्टुलावरच्या माणसानं उठून निघून जायचं. मग कॅमेरा पुन्हा चालू. बघणाऱ्याला वाटतं, माणूस हवेत गेला. फक्त जोडाच्या जागी चित्राला बारीकसा धक्का बसतो.

आणि प्रमोद होता लग्नाचा एडिटर. त्या धंद्यात धक्का म्हणजे पाप. नवरदेवाच्या मावशीला कॅसेटमध्ये जरा जर्क दिसला की ती पेमेंट अडवते. प्रमोदनं सवयीनं जोडाच्या दोन्ही बाजू थोड्या कापल्या आणि मध्ये डिझॉल्व्ह टाकला, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात मिसळून दिलं. करायला गेला सफाई आणि करामतच झाडून टाकली.

"असू द्या ना सर," तेवढ्यात आत आलेले आमचे मालक म्हणाले. "उलट जास्त छान दिसतंय."

सर चष्मा काढून पुसत बसले. मला फार वाईट वाटलं.

"फिल्म पुन्हा चालवू," मालक मला म्हणाले.

"नाही चालणार. आक्रसली होती. मी उतरवून घेतली तेव्हाच कडेची भोकं फाटत गेली."

"मग कॉम्प्युटरमध्ये असेल."

"हार्ड डिस्क मोकळी केली," प्रमोद हळूच म्हणाला.

राहिली रॉ टेप, म्हणजे मी पहिल्यांदा उतरवून घेतलेली कॅसेट. पण मालकांचा नियम असा, की काम संपलं की रॉ टेप पुढच्या लग्नाला वापरायची. कपाट उघडलं. जागा रिकामी. आमचा कॅमेरामन सुनील सकाळीच ती घेऊन दिंडोरीला लग्नावर गेला होता. म्हणजे एव्हाना सरांच्या वडिलांवर कुणाची तरी हळद चढली असणार.

मी लग्नघरी फोन लावला. मागे सनई, त्यात कुणीतरी ओरडत बोललं, "कोन? मी नवरीचा मामा."

"मामा, आमच्या कॅमेरावाल्याला जरा बोलवा. फार अर्जंट आहे."

"त्याला क्यासेट आनायला पिटाळलाय बाजारात. त्याच्यापाशी होती ती वापरलेली निघाली. म्हनलं, शुभकार्य हाय, भाचीच्या लग्नात उष्टी क्यासेट नाय चालायची. कोरी आन, आन पाकीट माझ्यासमोर फोड."

मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. "आणि ती जुनी कुठाय?"

"माझ्या खिशात. माझी नजर चुकवून परत घातली म्हंजे?"

देव तारी त्याला कोण मारी. आमचा देव मामांच्या रूपानं दिंडोरीत उभा होता. सरांना मागे बसवून मी स्कूटर काढली. मामांनी खिशातून कॅसेट काढून सरांच्या हातात दिली, सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला जेवल्याशिवाय हलू दिलं नाही. सर जिलेबी खाताना एका हातानं खिसा दाबून धरत होते. इतकं गोड जेवण मी त्यानंतर जेवले नाही.

परत आल्यावर प्रमोदनं स्वतः ती जागा पुन्हा जोडली, होती तशी, धक्क्यासकट. जादूगारानं चादर झटकली. स्टूल रिकामं.

"गेले," सर म्हणाले आणि हसले. मग डोळे पुसले. "परत लावा."

प्रमोदनं ते कितीदा लावलं कोण जाणे. त्या दिवशी तो एकदाही कंटाळला नाही.

व्हीसीडी बाजारात आली. फार खपली नाही, पण सरांनी घरोघरी वाटली. पहिली प्रत मी मामांना पाठवली. त्यांच्या त्या हट्टाचे उपकार मी आजही मानते.

थोड्याच दिवसांत मामांचा फोन आला.

"ताई, शीडी लय भारी. सगळ्या गल्लीनं बघितली."

"आवडली ना?"

"आवडली. पन ते सरांचे वडील जातात ना, नेमका तिथंच एक धक्का बसतोय. तेवढा काढून द्या."

तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. धक्का दिसला की तो मुद्दाम दिलाय का, हे आधी विचारते. आणि लग्नाला कोरीच कॅसेट देते.