जयमालाबाईंची वायर

शेवगावात जयमालाबाईंचा राहत्या घरातच टायपिंगचा क्लास होता. नव्याण्णव साली त्यांनी त्याच खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि इंटरनेट घेतलं. समोर खतांचे दुकानदार रंगनाथराव राहत. त्यांचा मुलगा नितीन अमेरिकेत. त्याच्याशी मेलवर बोलायला त्यांनीही कॉम्प्युटर आणला, पण तेव्हा इंटरनेट चालायचं फोनच्या लाइनीवर, आणि घरातला एकुलता एक फोन दुकानाच्या गिऱ्हाइकांतून मोकळाच होईना. तेव्हा जयमालाबाईच म्हणाल्या, "मी वायर टाकून देते. माझं इंटरनेट तुमच्या कॉम्प्युटरवर चालेल."

दोन्ही कॉम्प्युटरांत वायर जोडायची कार्डं बसवली, गल्लीवरून वायर ओढली, आणि हे सगळं फुकट. का, तर रंगनाथरावांची बायको माधुरी त्यांना 'ताई' म्हणायची. जयमालाबाई बौद्ध. माधुरी कधी त्यांच्या घरात शिरली नव्हती, बोलायची ती गल्लीतूनच. पण त्या एका 'ताई'ला बाई भुलल्या होत्या. इतक्या शहाण्या बाईला असली भूल पडावी, याला काय म्हणायचं?

नितीनला मुलगा झाला. बाळाचा फोटो पाठवल्याचा त्याचा फोन सकाळी आला, आणि नेमकं त्याच दिवशी रंगनाथरावांकडचं इंटरनेट बंद. त्यांनी हाक मारली, तशा बाई गेल्या. स्वतःच्या घरी सगळं नीट चालू होतं, म्हणजे खोट इकडेच. कॉम्प्युटरमागे हात घातला तर वायरीचं टोक ओलं. बोटं नाकाशी नेली. वास ओळखीचा होता.

"याच्यावर काय सांडलंय?"

"सांडलं न्हाई, गोमूत्र शिंपडलंय," रंगनाथराव म्हणाले. "नातवाचं पयलं दर्शन त्यातून व्हायचं. म्हनलं, वायर शुद्ध करून घ्यावी. तुमच्याकडून येती ना."

निदान चाचरत तरी सांगायचं. चहात साखर जास्त टाका म्हणावं, तितक्या सहज सांगितलं त्यांनी.

बाईंनी माधुरीकडे पाहिलं. ती समजुतीनं म्हणाली, "मनाला लावून घेऊ नगा, ताई. तुमच्यासाठी न्हाई ते, वायरीसाठी हाय."

शी. बाईंच्या मनात एवढंच आलं. गोमूत्राची त्यांना कसली किळस. लहानपणी लोकांचे गोठे झाडलेले त्यांनी. किळस आली ती त्या 'ताई'ची, आणि ती इतके दिवस जपून ठेवणाऱ्या स्वतःची.

"कार्ड गेलंय," एवढंच बोलून त्यांनी वायर उपटली.

"आन् मग नातू?" रंगनाथराव गडबडले.

"माझ्या घरी दिसेल. बघायचा तर या."

वायर गुंडाळत त्या गल्ली ओलांडून गेल्या. बोटांना तीन वेळा साबण लावला तरी वास जाईना.

संध्याकाळी माधुरी एकटीच आली. पायरीवर घुटमळली, मागे वळून आपल्या घराकडे बघितलं, मग पदर सावरून आत शिरली. रंगनाथरावांचं मेलचं खातं बाईंनीच काढून दिलेलं, ते त्यांनी उघडलं. फोटो वरून खाली सावकाश उतरू लागला. आधी जावळ, मग कपाळ, मग मिटलेले डोळे. माधुरीनं काचेवर हात ठेवला आणि ढसाढसा रडली.

"नितीनच हाय हो, ताई. हुबेहूब नितीन."

बाळ गोड होतं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

रडून माधुरीला ठसका लागला. खोकता खोकता तिची नजर कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. दारी वैरी आला तरी आधी पाणी विचारावं, ही बाईंच्या आईची शिकवण, आणि बाईंनी ती आजवर कधी मोडली नव्हती. त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. माधुरी खोकत होती, आणि बाई आपल्या बोटांचा वास घेत बसल्या होत्या.